बत्तीस नंबर

बारापात्रे सर व्हिडिओत हजेरी घेतात. समोर मुलं बसलेली असतात अशातला भाग नाही. आज रेकॉर्ड करायचा आणि पुढच्या महिन्यात कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी आईच्या मोबाइलवर दिसायचा, अशा व्हिडिओत. समोर असते मी, एक कॅमेरा, दोन दिवे. सर खुर्चीत नीट बसतात, काखेतलं रजिस्टर उघडतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात आणि म्हणतात, "एक नंबर." मग थांबतात, कान देतात. "दोन नंबर." असं चाळीसपर्यंत.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माइक तपासून पाहत असतील. बारा नंबर आला तेव्हा कळलं की हे खरंच चाललंय.

मी वैशाली. हुडकेश्वरला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा आमचा स्टुडिओ आहे, तिथं मी धड्यांचे व्हिडिओ कापते आणि जोडते. त्याआधी नऊ वर्षं लग्नांचे व्हिडिओ केले, त्यामुळे नको तो माणूस नको तिथून कसा काढायचा हे मला कुणी शिकवायला नको. निखिल आमचा मालक. मिहानमधल्या आयटी कंपनीतली चांगली बसून करायची नोकरी सोडून त्यानं हे काढलं, खेड्यातल्या शाळांसाठी मोबाइलवर आठवी ते दहावीचे धडे. विज्ञानाला त्याला अनुभवी माणूस हवा होता. बारापात्रे सर चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या सोडून राहणारे, घरी एकटे. निखिलनं विचारलं आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर घेऊन हजर झाले.

या माणसाचा जगात कशावरच विश्वास नाही, हे कळायला आम्हाला एक आठवडाही लागला नाही. "याच्यात काहीतरी गडबड आहे," हे त्यांचं पेटंट वाक्य. ऑटोवाल्यानं लवकर पोचवलं तरी गडबड, उशिरा पोचवलं तरी गडबड. मे महिन्यात रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज नको म्हणून मी कूलर बंद करायची, तर म्हणाले, "समजते मले. घाम काढून राहिली, म्हणजे म्हातारा लवकर आटपते." तरी रुमालानं मान पुसत त्यांनी पूर्ण धडा घेतलाच.

सगळ्यात जास्त संशय त्यांना हिरव्या पडद्याचा. मी समजावलं की सर, कॉम्प्युटर हिरवा रंग गाळून टाकतो आणि तिथं आपण फळा लावतो, चित्रं लावतो.

"अन् तू मागं नाचणाऱ्या बाया लावल्या तर?"

"कशाला लावीन सर?"

"लग्नवाली आहेस तू. काय भरवसा?"

दुसऱ्या दिवशी मुद्दाम हिरवा शर्ट घालून आले. मी कॅमेरा लावला. स्क्रीनवर एक मुंडकं, दोन हात आणि एक रजिस्टर, एवढंच हवेत तरंगत होतं. सरांनी डावा हात वर केला, मग उजवा. बराच वेळ पाहत राहिले. मग "हाव, बरोबर आहे" म्हणाले आणि शर्ट बदलायला घरी गेले.

पण खरा संशय मुलांवर. न दिसणाऱ्या, अजून व्हिडिओ न पाहिलेल्या मुलांवर. "पोट्टे मोबाइल भिंतीले टेकवून खेळायले गेले असतील," हे ते इतक्या खात्रीनं सांगत की मलाही ती रिकामी खोली दिसायला लागायची. म्हणून चुंबकत्व शिकवता शिकवता मध्येच बोट रोखायचे, "ए, खिडकीपाशी बसलेला. बाहेर काय पाहून राहिला?" एका शाळेतून शिक्षिकेचा फोन आला की त्या वाक्याला आमच्याकडची एक मुलगी दचकून जागा बदलते, आणि दर वेळी तेवढं मागं नेऊन सगळी मुलं पुन्हा पाहतात. सरांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पाहून राहिली होती नं बाहेर?"

एकदा फळ्यावर लिहिलं, पाणी शंभर अंशांना गोठते. लिहून कॅमेऱ्याकडे वळले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"सर, चुकलं," मी म्हटलं.

"तुले माहीत आहे. त्यांच्यातल्या एकानं तरी चूक काढली पाहिजे."

"सर, हे रेकॉर्डिंग आहे. मुलं पुढच्या महिन्यात बघणार."

"मंग पुढच्या महिन्यात सांगतील. मी थांबतो."

आणि थांबले की हो. दिव्यांनी खोली तापत होती, खाली भाजीवाला "आलू, कांदे, लसण" ओरडत दोनदा जाऊन आला, आणि हा माणूस कॅमेऱ्याच्या काचेत कुणी हात वर करतंय का ते पाहत उभा.

हजेरीचं मी गुपचूप बघून घेतलं होतं. नंबरांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या की चाळीस नंबर पाऊण मिनिटात उरकायचे. आता आमच्या धंद्यात आवाज डोळ्यांना दिसतो. बोललं की स्क्रीनवर उंच-सखल रेघा उमटतात, गप्प बसलं की सपाट रेघ. सरांची हजेरी म्हणजे एक उंचवटा, दोन सेकंद सपाट, एक उंचवटा, दोन सेकंद सपाट. एकोणचाळीस नंबरांना माप तेच. फक्त बत्तीस नंबरनंतर ती रेघ लांबच्या लांब सपाट जायची. नऊ सेकंद, कधी दहा. दर धड्यात.

पहिल्यांदा वाटलं, आवंढा गिळला असेल. पाचव्या धड्यानंतर मात्र मला संशय आला, कारण सरांच्या सहवासात कुणालाही येईल. लग्नाच्या कामात मी अशी माणसं पाहिली आहेत, स्टेजवर सगळ्यांना भराभर हार घालतात आणि एकाच बाईसमोर दोन क्षण जास्त थांबतात. म्हटलं, म्हातारबुवांचं काहीतरी जुनं प्रकरण दिसतंय. एकदा सहज विचारलं, "सर, बत्तीस नंबरवर कोण आहे?"

"तुले काय करायचं आहे वं?" म्हणाले, आणि त्या दिवशी चहाही घेतला नाही. मी ते नऊ सेकंद कापत राहिले.

दसऱ्याच्या सुमारास निखिलनं आम्हा दोघांना बसवलं आणि एक आलेख दाखवला. सरांचे धडे मुलं अर्ध्यातच सोडत होती. रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली.

"हे कोणी काढलं?" सरांनी विचारलं.

"कॉम्प्युटरनं, सर."

"त्याले कोणी सांगितलं?"

निखिलनं कपाळावरून हात फिरवला. सर मात्र खुशीत माझ्याकडे वळले. "मी म्हणून नव्हतो राहिलो? पाहूनच नाही राहिले पोट्टे." आपलं खरं झालं याच्या आनंदात त्या घसरत्या रेघेखाली आपली खुर्ची आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. निखिलला ते शेवटी तोंडानं सांगावं लागलं. "सर, धडे इंटरॅक्टिव्ह करायला हवेत. मुलांना काहीतरी करायला, बोलायला मिळालं पाहिजे. दिवाळीनंतर पुन्हा हा आलेख बघू. असाच असला तर मला दुसऱ्या सरांचा विचार करावा लागेल."

सर रजिस्टरचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले. दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन आले तेव्हा जिन्यात, बंद दारासमोर, अर्धा तास आधीपासून बसलेले होते. मला त्यांचा राग यायचा, पण त्या दिवशी वाईटही वाटलं. हे काम गेलं तर हा माणूस सकाळी उठून संशय घ्यायला जाईल कुठं?

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी म्हटलं, मुलांना उठवा जागेवरून. सरांना ते एकदम पटलं, पण वेगळ्याच कारणासाठी. "उठा. दाराच्या कडीले हात लावा, मंग दाराच्या लाकडाले लावा. थंड काय लागलं? काहून? जो उठला नाही तो सांगूच शकत नाही. सापडला." मुलांना पकडण्याच्या नादात या माणसाला इतक्या भन्नाट गोष्टी सुचायला लागल्या की मी वहीत उतरवून घेता घेता दमले. जिभेवर साखर ठेवा, आधी जीभ पुसून कोरडी करा, मग सांगा गोड कधी लागलं. श्वास आरशावर सोडा. सायकलचा पंप चालवून त्याची नळी हातानं चाचपा. प्रत्येक ठिकाणी सरांचा सापळा होता, आणि प्रत्येक सापळ्यात धडा होता.

निखिलनं तिकडे सोय करून घेतली. प्रश्न आला की व्हिडिओ आपोआप थांबायचा, पडद्यावर माइक यायचा, मुलानं आपल्या आवाजात उत्तर द्यायचं, मगच पुढं. सर जाम खूश. "हे जमलं. बटण काय, कोणीही दाबते. आवाज पाहिजे."

पहिला धडा संत्र्याचा केला. सरांनी काचेच्या भांड्यात सालीसकट संत्रं सोडलं, ते तरंगलं. मग दुसरं संत्रं सोललं, पाण्यावर धरलं आणि कॅमेऱ्याला विचारलं, "हे सोडलं तर काय होईल? अन् काहून? सांगा." संत्रं हातातच. पाण्यात काही सोडलं नाही.

तयार झालेला धडा निखिलनं आम्हाला दाखवला. प्रश्न आला, व्हिडिओ थांबला, माइक आला, आणि त्याच्याभोवती एक गोल फिरायला लागला. पंधरा सेकंदांनी गोल लाल झाला. 'वेळ संपली.' पुढचा भाग सुरू.

"हे खास तुमच्यासाठी, सर," निखिल म्हणाला. "कुणाला विचारायला, नेटवर बघायला वेळच द्यायचा नाही. कॉपी बंद."

आम्ही दोघंही सरांकडे पाहत होतो. आता हे उठून निखिलच्या पाठीवर थाप मारणार, अशी माझी खात्री होती.

"वेळ संपली असं कोण म्हणते?" सरांनी विचारलं.

"सिस्टिम, सर."

"काढ ते."

"सर, मग मुलं एकमेकांचं ऐकून उत्तरं देतील."

"देऊ दे."

"कॉपी करतील."

"करू दे कॉपी. ते घड्याळ काढ."

चौतीस वर्षं मुलांच्या कंपासपेट्या उलट्या करून पाहिलेला माणूस करू दे कॉपी म्हणत होता. निखिल वैतागला. त्याचंही बरोबर होतं, या माणसाला वाचवायलाच तो झटत होता. "मग राहू द्या सर, माझ्याकडे दुसरा उपाय नाही," म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर गेला. सरही उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. टेबलावर रजिस्टर तसंच राहिलं.

सर रजिस्टर विसरले म्हणजे याच्यात काहीतरी गडबड होती. मी ते उघडलं. दुसऱ्याचं उघडू नये हे मला कळतं, पण सहा महिने नऊ नऊ सेकंद कापलेले माझे हात होते.

मला वाटलं होतं, आत आमच्याच धड्यांच्या खुणा असतील. ते शाळेचं जुनं हजेरीपत्रक होतं, नववीच्या कुठल्याशा तुकडीचं. पानं पिवळी पडलेली. मी बोट खाली नेत बत्तीस नंबरवर आले. नाव होतं प्रणिता. तिच्या ओळीत लाल शाईनं 'गै', 'गै', 'गै', महिनोन् महिने गैरहजर. आणि तो प्रत्येक 'गै' निळ्या शाईनं खोडून वर 'ह' केलेला. शाळेत हजेरीत खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते. प्रत्येक 'ह'च्या शेजारी सरांची बारीक सही होती, चौकोनात बसत नव्हती तरी बसवलेली. मी पानं उलटली. सगळ्या पानांवर तेच.

"पाहून झालं?"

सर दारात उभे होते. मी रजिस्टर मिटलं. ओरडतील असं वाटलं, पण ते येऊन बंद दिव्यांसमोरच्या रेकॉर्डिंगच्या खुर्चीत बसले.

"प्रॉक्सीचा मले लई संशय," ते म्हणाले. "म्हणून नियम केला होता. मान खाली, नंबर घ्यायचा, दोन सेकंदांत आवाज आला तर ह. उशीर झाला म्हणजे शेजारचा कोणी आवाज बदलून हजर म्हणायची तयारी करून राहिला. गै."

"आणि ही?"

"तिचं बोलणं अडकायचं. हजर म्हणायले तिले वेळ लागे. तिचा ह निघेपर्यंत मी तेहतीसवर गेलेला असायचो."

"पण सर, वर्गात दिसत असेल ना ती?"

"दिसायची. तिथंच तर माझं डोकं चाललं. हजेरीले नाही अन् तासाले आहे, म्हणजे उशिरा येते अन् मागच्या दारानं घुसते. वर्षाच्या शेवटी कमी हजेरीची यादी लागली. तिचा बाप आला. म्हणे, गुरुजी, पोट्टी तर रोज वेळेवर घरून निघते. मी त्याले काय म्हटलं सांगू? म्हटलं, वेळेवर निघते तर मंग मधात कुठं जाते, ते तुम्ही पाहा."

मी रजिस्टर हातातच धरून उभी होते.

"त्यानं शाळाच सोडवली तिची. माणूस दुसरं काय करीन? मले तिच्या बाकावरच्या पोट्टीनं जूनमध्ये सांगितलं. सर, ते तर रोज तिथंच बसून राहायची. मी घरी गेलो तर ते लोक घर सोडून गेले होते. कुठं गेले, कोणाले माहीत नाही." त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. "हे मंग मी दुरुस्त केलं. कोणाच्या कामाचं नाही. पण चुकीचं कसं ठेवायचं?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. म्हटलं, "सर, बत्तीस नंबरनंतरची ती शांतता मी कापत होते. प्रत्येक धड्यात."

"माहीत आहे मले. घड्याळ लावून पाहतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"कापायच्या आधी तुले ते ऐकावं तर लागत होतं," सर म्हणाले. "एक माणूस तरी थांबत होतं तिच्यासाठी."

निखिलला मी यातलं काही सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नव्हता. एवढंच म्हटलं, संत्र्याचा एक धडा घड्याळाशिवाय जाऊ दे, फसला तर सरांबरोबर मीही जाते, लग्नसराई तोंडावर आहेच. त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि घड्याळ काढलं.

दिवाळी झाली. धडा शाळांमध्ये गेला आणि तिसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. सर सकाळी येऊन बसायचे आणि मी एकेक आवाज लावायची. बरेच जण दोन सेकंदांत ठोकून द्यायचे, तरंगेल. एकाच घरातल्या तिघांची उत्तरं एकाच आवाजात आली, तेव्हा सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "सापडले. मोठा भाऊ आहे तो. नाक चोंदलं आहे त्याचं, तिन्हीत." पण मुलं धडा सोडत नव्हती. आलेखातली रेघ शेवटपर्यंत जवळजवळ सरळ गेली. निखिल दोनदा येऊन ती पाहून गेला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "बाकीच्या धड्यांतूनही घड्याळ काढतो." सर म्हणाले, "लिहून दे."

त्याच दिवशी एक उत्तर सापडलं, काटोलजवळच्या एका गावातलं. लांबी चार मिनिटं. निखिल म्हणाला, "एरर असेल, माइक चालू राहिला असेल. पुढचं लाव." सरांनी हात वर केला. मी हात मागं घेतला आणि ते लावलं.

सुरुवातीला काहीच नव्हतं, सपाट रेघ. मग दार वाजलं. चपलांचा आवाज दूर गेला. कुठंतरी कोंबडी. बराच वेळ नुसतं वारं. निखिलनं घड्याळ पाहिलं, सरांनी निखिलकडे पाहिलं. चपला परत आल्या, बादली सरकवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा. मग एका बाईचा आवाज, "काय करून राहिली वं? चांगलं संत्रं पाण्यात कायले टाकून राहिली?"

आणि एका मुलीचा, अगदी माइकजवळ, दबका, "थांब नं आई. सर थांबून राहिले."

मग डुबुक असा एक आवाज. पुन्हा शांतता. मुलगी म्हणाली, "सर, बुडलं." थोडं थांबून म्हणाली, "सालात हवा राहते सर. साल काढलं तर हवा गेली. म्हणून."

आवाज संपला. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

"याच्यात काहीतरी गडबड आहे," ते म्हणाले. "आईनं उत्तर सांगितलं असं वाटते मले. पुन्हा लाव बरं."

मी पुन्हा लावलं. दार, चपला, कोंबडी, वारं, बादली. 'सर थांबून राहिले'पाशी त्यांनी मान खाली घातली.

"नीट ऐकू नाही आलं," सर म्हणाले. "सुरुवातीपासून लाव."

निखिल खुर्ची ओढून बसला. मी सुरुवातीपासून लावलं.